मिरचीची गोळी आणि चतकोर भाकरी

गरिबाच्या ताटात काय उणे आहे, हे बाजाराला कधी दिसत नाही. ताटात जे उरले आहे त्यातून काय विकता येईल, हे मात्र त्याला तत्काळ दिसते. नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, पाथर्डी-शेवगावपासून कर्जत-जामखेडपर्यंत, कष्टकऱ्याच्या भाकरीवर डाळ नसली, भाजी नसली, तरी मिरचीचा ठेचा असे. ठेचा ही त्याची आवड होती हे खरे. परंतु परवडणाऱ्या वस्तूंची यादीच इतकी तोकडी होती की त्या आवडीला निवड म्हणणे कठीण आहे. आज त्याच मिरचीतील तिखट द्रव्य कारखान्यात वेगळे काढून, मिलिग्रॅममध्ये मोजून, कॅप्सूलमध्ये भरून विकले जाते. ही गोळी चरबी जाळते, चयापचयाचा वेग वाढविते, धावणाऱ्याचा दम टिकविते, असे तिच्या वेष्टनावर आणि जाहिरातीत सांगितले जाते.

हा व्यापार मुंबई-पुण्याच्या व्यायामशाळांपुरता राहिला असता, तर त्याविषयी पक्षाच्या साप्ताहिकात लिहिण्याचे कारण नव्हते. ज्यांच्या अंगावर चरबी साठली आहे त्यांनी ती घालविण्यासाठी आपले पैसे कसे खर्च करावेत, ही चिंता आपली नव्हे. परंतु ‘ताकदीच्या’ आणि ‘दम वाढविणाऱ्या’ डब्यांचे गिऱ्हाईक आता बदलले आहे. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा, अल्पभूधारकाचा किंवा ऊसतोड कामगाराचा मुलगा हे त्याचे नवे गिऱ्हाईक आहे. आई-बापाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतील काही भाग अशा डब्यांवर खर्च होऊ लागला, तर तो प्रश्न आरोग्याचा तर आहेच. शिवाय मजुरीचा, अन्नाचा आणि राजकारणाचाही आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

विज्ञान काय सांगते?

प्रथम विज्ञानाशी प्रामाणिक राहू. आपल्या चळवळीने अंधश्रद्धेला विरोध केला आहे. म्हणून बाजारात विकले जाते ते सारे थोतांडच, असे पुराव्यावाचून म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मिरचीला तिखटपणा देणाऱ्या द्रव्याला कॅप्सेसिन म्हणतात. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक असतो, त्याला ते जाऊन चिकटते. सुमारे ४३ अंश सेल्सियसपेक्षा अधिक उष्णतेची जाणीवही हाच ग्राहक करून देतो. त्यामुळे मिरची चावली की चटका बसल्याची वर्दी मेंदूकडे जाते. प्रत्यक्षात जीभ भाजलेली नसते. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या ग्राहकाचा शोध लावला आणि ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही वर्दी पोहोचली की शरीर अ‍ॅड्रिनॅलिन सोडते, घाम येतो, अंगातली उष्णता किंचित वाढते आणि थोडी अधिक ऊर्जा खर्च होते. जपानमध्ये तिखट नसलेल्या एका मिरचीच्या वाणात कॅप्सिएट नावाचे याच कुळातील सौम्य द्रव्य आढळले. त्याच्याही गोळ्या निघाल्या आहेत. तेव्हा परिणाम होतच नाही, असे नाही. प्रश्न आहे तो किती होतो, कोणावर होतो आणि त्याचा उपयोग काय, हा.

किती, याचे उत्तर असे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोपर्यंतच्या मानवी प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यात ऊर्जेच्या खर्चातील वाढ दिवसाला सुमारे ५० किलोकॅलरी इतकी निघाली. काही नियंत्रित प्रयोगांत तर एवढीही वाढ दिसली नाही. रोज तिखट खाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात २०११ साली झालेल्या प्रयोगात लाल तिखटामुळे खाण्याची ओढ मुख्यतः ज्यांना तिखटाची सवय नव्हती त्यांच्यातच कमी झाली. नगरच्या माणसाला तिखटाची सवय नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणता विक्रेता करील?

दमाविषयी बोलावयाचे तर सर्वांत उत्साहवर्धक प्रयोग उंदरांवरचे आहेत. २०१२ मध्ये चीनमधील संशोधकांना असे दिसले की कॅप्सेसिन दिलेले उंदीर अधिक वेळ धावतात; त्यांचे स्नायू चरबीचा अधिक वापर करतात. माणसांवरचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. ब्राझीलमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १० जणांना १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन देऊन १५०० मीटर धावावयास लावले. त्यांची सरासरी वेळ ३७६.७ सेकंदांवरून ३७१.६ सेकंदांवर आली आणि धावताना आपण किती थकलो, ही त्यांची स्वतःची जाणीव कमी झाली. त्यानंतर त्याच देशात हौशी धावपटूंना कॅप्सेसिनसदृश द्रव्य देऊन १० किलोमीटर पळविले, तेव्हा वेळेत सुधारणा झाली नाही. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेत खेळाडूंना सात दिवस मिरचीची पूड देऊन वारंवार वेगाने पळविण्यात आले. वेळ सुधारली नाही, पोटाच्या तक्रारी मात्र कित्येक पटींनी वाढल्या. तुर्कस्तानातील डॉक्टरांनी तर वजन घटविण्यासाठी मिरचीच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण माणसांना हृदयविकाराचा झटका आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदविल्या आहेत. अशा घटना विरळ असतात आणि त्यांवरून सर्वसाधारण नियम काढू नये, हे मान्य. पण गोळी निरुपद्रवी आहे, असाही नियम मग कोणी काढू नये.

चतकोर भाकरीचा हिशेब

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जमेल असा साधा हिशेब मांडू. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे ३४० किलोकॅलरी असतात. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर तिच्यात सुमारे २०० किलोकॅलरी झाल्या. म्हणजे मिरचीच्या गोळीने दिवसभरात होणारा जास्तीचा खर्च, तो होतो असे मानले तरी, चतकोर भाकरीएवढा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या ५० च्या हिशेबाने ती जळावयास १५४ दिवस, म्हणजे पाच महिने लागतील. तेही या पाच महिन्यांत माणसाने एक घासही अधिक खाल्ला नाही तर. ज्या गोळीची कर्तबगारी एवढीच आहे, तिच्यावर ‘फॅट बर्नर’ अशी मोठी अक्षरे छापली जातात.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात, तर जड कष्ट करणाऱ्यास ३४७०. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० असे आहेत. म्हणजे ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून ट्रकवर चढविणे या कामासाठी पुरुषाला १३६० आणि स्त्रीला १०६० किलोकॅलरी अधिक लागतात. ज्याला कारखान्याच्या भाषेत एक ‘कोयता’ म्हणतात त्या नवरा-बायकोच्या जोडीला बैठ्या माणसांच्या तुलनेत रोज २४२० किलोकॅलरींची, ज्वारीच्या भाषेत सुमारे सातशे ग्रॅम पिठाची, जास्तीची गरज आहे. तीही केवळ इंधन म्हणून. झिजलेले स्नायू भरून काढावयास लागणारी डाळ, दूध, अंडी यांचा हिशेब वेगळा.

याउलट राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. दिवसाला ते १६७ ग्रॅम भरते. ऊसतोड मजूर सहा-सहा महिने घर सोडून कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत राहतो, तेव्हा गावच्या दुकानातले हे धान्यही त्याच्या हाती पडेलच, याची शाश्वती नसते. सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या जिल्ह्यात, प्रवरानगरला, घातला गेला, त्या जिल्ह्याची ही स्थिती आहे. ज्या उसापासून साऱ्या राज्याला गोड ऊर्जा पुरविली जाते, तो तोडणाऱ्याच्या शरीरातील ऊर्जेचा ताळेबंद तुटीत आहे.

आणि या तुटीतल्या शरीराला बाजार काय विकू पाहतो? अधिक ऊर्जा खर्च करणारी गोळी. वाचकांनी या विसंगतीवर क्षणभर थांबावे. गोळीमुळे वाढणारा खर्च बव्हंशी उष्णतेच्या रूपाने होतो. त्या उष्णतेने मोळी उचलली जात नाही, की धाव वाढत नाही. ज्याच्याकडे ऊर्जेची शिल्लक आहे त्याला ती उधळण्याचा मार्ग म्हणून हे कदाचित चालेल. ज्याला रोज उसनवारी करावी लागते त्याला हाच मार्ग ‘ताकद’ म्हणून दाखविणे ही उघड फसवणूक आहे.

पाच सेकंदांचे आमिष

मग भरतीचा मुलगा याकडे का वळतो? तो अडाणी आहे म्हणून, असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ते उत्तर सोयीचे आहे, खरे नाही. तो मुलगा उत्तम हिशेबी आहे. महाराष्ट्र पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत धावणाऱ्या पुरुष उमेदवारास त्या चाचणीचे २० पैकी २० गुण मिळतात. वेळ वाढेल तसे गुण घटतात. हजारो उमेदवार आणि मूठभर जागा अशा स्पर्धेत दोन गुणांनी आयुष्य इकडचे तिकडे होते. शेती परवडत नाही, औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामाशिवाय काही मिळत नाही, आणि सैन्यातील भरती २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांची झाली. तिच्यातून चौघांपैकी फार तर एकालाच पुढे कायम केले जाणार. ज्या नगर शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, जिथे फौजेची नोकरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिष्ठा आणि आधार होती, तेथील मुलाला त्या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. अशा मुलाला ‘पाच सेकंद कमी होतील’ असे कोणी सांगितले, तर तो ते विकत घेईल. बेकारीने त्याच्या पाच सेकंदांची किंमत वाढविली आहे. विक्रेता ती केवळ वसूल करतो.

परंतु ब्राझीलच्या प्रयोगातले पाच सेकंद त्याला मिळतील काय? त्या प्रयोगातील माणसांची १५०० मीटरची सरासरी वेळ सहा मिनिटे ११ सेकंद होती, गोळी घेऊन. नगरच्या मुलाला त्याहून शंभर मीटर अधिक अंतर एका मिनिटाने कमी वेळात काटावयाचे आहे. तो त्यांच्यापेक्षा कितीतरी तयारीचा धावपटू आहे. हौशी माणसावर दिसलेला परिणाम सरावलेल्यावर दिसेल, असे मानण्यास आधार नाही. दहा जणांवरच्या एका प्रयोगातून तर मुळीच नाही.

त्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष अधिक विचार करण्याजोगा आहे: थकव्याची जाणीव कमी झाली. वेदना आणि उष्णता यांची वर्दी देणाऱ्या मज्जातंतूंशीच या द्रव्याचा संबंध असल्यामुळे हे समजण्यासारखे आहे. सांधेदुखीच्या मलमात कॅप्सेसिन घालतात तेही वेदना बोथट करण्यासाठीच. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हाँगकाँगला झालेल्या अश्वस्पर्धांत चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सेसिन आढळले. ते घोडे स्पर्धेबाहेर गेले आणि नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदक काढून घेण्यात आले. घोड्याच्या वेदनेशी खेळू नये, एवढी सभ्यता त्या खेळाच्या नियमांत आहे. माणसाच्या बाबतीत तसा नियम नाही.

थकवा हा शरीराचा शत्रू नव्हे, तो शरीराचा पहारेकरी आहे. उपाशी पोटी, पुरेसे पाणी न पिता, उन्हात धावणाऱ्या मुलाचा हा पहारेकरी झोपविला तर काय होईल? २०१४ च्या जून महिन्यात मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार कोसळून मृत्यू पावले. त्यानंतर सरकारला धावेचे अंतर कमी करावे लागले. त्यांनी कोणती गोळी घेतली होती, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. मुद्दा असा की, नोकरीसाठी जिवाच्या आकांताने धावणाऱ्या तरुणाला थकवा जाणवणे हीच त्याची अखेरची सुरक्षा असते. ती विकत घेऊन बंद करण्याची सोय, हा त्याच्यावरचा उपकार नव्हे.

ऊसतोडीच्या तळावर तंबाखू, मिसरी आणि वेदनाशामक गोळ्या हेच काम आजवर करीत आल्या आहेत. भूक मारावयाची, कंबरदुखी मारावयाची आणि खाडा पडू द्यावयाचा नाही. बापाची तंबाखू आणि मुलाची महागडी कॅप्सूल यांच्या वेष्टनात फरक आहे. दोहोंचे काम एकच आहे.

काटकपणाचा जुना सिद्धान्त

चयापचयाविषयीचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. गोखले इन्स्टिट्यूटमधील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात माणशी दररोज २२५० कॅलरी हा निकष धरून देशातील दारिद्र्याचे मोजमाप केले. त्यावर सातारा जिल्ह्यातून पुढे येऊन जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झालेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच माणसाची ऊर्जेची गरज काळानुसार बदलते, शरीर आपल्या खर्चाचे नियमन करते, म्हणून सरासरीच्या खाली खाणाऱ्या प्रत्येकास उपाशी म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी १९८० नंतरच्या वर्षांत त्यांना सडेतोड उत्तर दिले. गरीब माणूस कमी खातो तो त्याची गरज उतरली म्हणून नव्हे, त्याची क्रयशक्ती तोकडी आहे म्हणून, हा त्या उत्तराचा गाभा. त्याच सुमारास ‘लहान पण निरोगी’ असा एक सिद्धान्त डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडला; त्याला पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी तितक्याच कठोरपणे विरोध केला.

सुखात्म्यांच्या विद्वत्तेविषयी आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शुद्ध पाणी आणि आरोग्य यांवाचून नुसत्या अन्नाचा उपयोग होत नाही, हा त्यांचा आग्रह आजही मोलाचा आहे. परंतु त्यांच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन ‘गरिबाचे शरीर काटक असते, त्याला कमीच लागते’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले; अजूनही निघतात. आता गंमत पाहा. श्रीमंताला सांगितले जाते, तुमचा चयापचय मंद आहे, गोळी घेऊन तो वाढवा. गरिबाविषयी सांगितले जाते, त्याचा चयापचय काटकसरी आहे, म्हणून त्याला कमी धान्य पुरते. आणि त्याच गरिबाचा मुलगा दुकानात आला, की त्यालाही चयापचय वाढविणारी गोळी विकली जाते. एकाच शरीरधर्माचे असे तीन अर्थ तीन सोयींसाठी लावले जातात. तिन्हींत समान असते ते एवढेच, की प्रश्न शरीराच्या आत ढकलला जातो आणि मजुरी, धान्य, रोजगार हे विषय चर्चेबाहेर राहतात.

१९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील स्त्री-पुरुष खडी फोडीत होते, पाझर तलावांवर माती वाहत होते. तेव्हा आपल्या चळवळीने त्यांच्यासाठी काय मागितले? काम मागितले, मजुरी मागितली, धान्य मागितले. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. महागाईविरुद्ध मुंबईतील स्त्रियांनी मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणे मोर्चा काढला. त्या लढ्यांच्या वातावरणातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला. कष्टकऱ्याच्या दमाचा प्रश्न भाकरीचा आणि कामाचा आहे, हे त्या पिढीला शास्त्रज्ञांनी सांगावे लागले नव्हते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. ज्याला घ्यावयाचे त्याने घ्यावे. सरकारने आणि पक्षांनी त्यात का पडावे? उत्तर असे की, खरी माहिती नसेल तेथे निवडीचे स्वातंत्र्य नसते. औषध विकण्यापूर्वी ते परिणामकारक आहे, असा पुरावा द्यावा लागतो. पोषणपूरके मात्र कायद्याने अन्नात मोडतात. त्यांना तशी परीक्षा नाही. वेष्टनावर लिहिले आहे ते आत आहे, याचीही खात्री नाही. २०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या गटाने भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पूरके तपासली, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांत प्रथिनांचे प्रमाण वेष्टनाशी जुळले नाही. प्रथिनासारख्या मोजण्यास सोप्या वस्तूची ही गत, तर मिलिग्रॅममध्ये मोजावयाच्या अर्काची काय असेल?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या नावाने येतो. मिरचीच्या अर्काचा उद्योग वाढला तर मिरचीला भाव मिळेल. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले ज्योतीसारखे वाण दिले आहेत. मग आपण आड का यावे? पुन्हा हिशेब करू. ब्राझीलच्या प्रयोगात माणशी १२ मिलिग्रॅम कॅप्सेसिन दिले होते. सुक्या मिरचीत त्याचे प्रमाण हजारी दोन धरले, तर सहा ग्रॅम मिरची लागली. किलोला दोनशे रुपये भाव धरा. सहा ग्रॅमचे एक रुपया वीस पैसे होतात. अधिक तिखट मिरची घेतली तर याहूनही कमी. आता वाचकांनी दुकानातल्या कोणत्याही डबीची किंमत आतील गोळ्यांच्या संख्येने भागावी आणि एका गोळीच्या किमतीत शेतकऱ्याचा वाटा किती, हे स्वतः पाहावे. मिरची पिकविणारा, आणि नंदुरबारच्या पथारीवर दिवसभर बसून देठ खुडणारी बाई, यांच्या पदरात या भरभराटीतून काय पडते, याचे उत्तर त्या भागाकारातच मिळेल.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: आपल्या ठेच्याला जगाने मान दिला, याचा अभिमान का नसावा? अभिमान जरूर असावा. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते, आणि बेचव भाकरी चार घास अधिक खावविण्याचे तिचे सामर्थ्य कोणत्याही गोळीत नाही. पण सहा ग्रॅम सुकी मिरची आपल्याकडील पुष्कळ कष्टकऱ्यांच्या पोटात रोजच्या जेवणातूनच जाते. तिखटाने दम वाढत असता, तर पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराइतका दमदार माणूस जगात नसता आणि त्याला वयाच्या चाळिशीत कंबर धरून बसावे लागले नसते.

काय मागावयाचे?

निषेधाने लेख संपविणे सोपे असते. कार्यकर्त्यांना त्याने काही हाती लागत नाही. म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली, अन्न व औषध प्रशासनाकडे जिल्ह्यातील व्यायामशाळा, भरती अकॅडम्या आणि त्यांच्या आसपासच्या दुकानांतील पूरकांचे नमुने घेऊन तपासण्याची आणि अहवाल मराठीत जाहीर करण्याची मागणी प्रत्येक तालुका शाखेने लेखी करावी. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेणाऱ्या अकॅडमीने त्यांनाच पूरके विकू नयेत, असा नियम मागावा.

दुसरी, भरतीच्या तयारीतील मुलामुलींना गोळीऐवजी जेवण मिळावे. हमाल पंचायतीने पुण्यात सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम सुरू करून दाखवून दिले की कष्टकऱ्यांची संघटना स्वस्त आणि पुरेसे अन्न स्वतः शिजवून देऊ शकते. तालुक्याच्या प्रत्येक सराव मैदानाजवळ सकाळी भाकरी, उसळ आणि अंडे रास्त दरात देणारे केंद्र चालविणे संघटनांना अशक्य नाही. नगरपालिकांनी जागा द्यावी, म्हणून आग्रह धरावा.

तिसरी, गाळप हंगामात ऊसतोड कामगारांना कारखान्याच्या तळावरच शिधा मिळावा आणि जड कष्टाच्या प्रमाणात त्यात ज्वारीबाजरी, डाळ व तेल यांचा समावेश असावा. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संपाच्या बळावर झाली. अन्नाची ही मागणी पुढील करारात आलीच पाहिजे. खर्चाचा भार कारखान्यांनी आणि सरकारने उचलावा.

चौथी, शाळेतील मुलांच्या ताटातील अंडे. राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात अंडे सुरू केले आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबविला. हवे तर लोकवर्गणीतून करा, असे शाळांना सांगण्यात आले. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा आणखी आठ-नऊ वर्षांनी त्याच डांबरी रस्त्यावर पहाटे धावणार आहे. त्याच्या हाडामांसाची पायाभरणी आत्ता होत आहे. त्या वेळी त्याला लागणारा दम आजच्या अंड्यातून, डाळीतून आणि दुधातून येईल. तो आज नाकारावयाचा आणि उद्या त्याला कॅप्सूल विकावयाची, ही ज्या व्यवस्थेची रीत आहे तिच्याशी आपले भांडण आहे.

मिरची आपल्या घरात आहेच. ती कोणी आणून द्यावी लागत नाही. तिच्याबरोबर ताटात आणखी काय असावे, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात मिळणार नाही. ते ग्रामसभेत, कारखान्याच्या गव्हाणीसमोर आणि विधानसभेच्या दारात मागावे लागेल, आणि मागावयास आपणच जावे लागेल.